जड हाताचं तुणतुणं

साल एकोणीसशे चौसष्ट, चैत्राचा महिना. मी सव्वीस वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर दुसरी पास. तिसरीत बसलो, मास्तरांशी पटलं नाही, उठून आलो. पण तुणतुणं वाजवण्यात अख्ख्या पौड खोऱ्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

लोक हसतात. म्हणतात, एक काठी, एक तार, एक खुंटी, खाली कातडं मढवलेलं लाकडाचं पोकळ भांडं, त्यात वाजवायचं ते काय? त्यांना एवढंच सांगतो की शाहीर गातो तो त्या एका तारेला धरून गातो. तार हलली की शाहीर हलला. आमच्या फडाचे शाहीर म्हणजे माझे मामा, आईचे थोरले भाऊ. मामी गेल्यावर ते आमच्याच घरी राहायला आले होते. डफ घेऊन ते पुढं उभे राहायचे, त्यांच्या डाव्या खांद्यामागं मी, आणि माझ्यामागं दोघं झिलकरी, कडव्याच्या शेवटी सूर ओढून 'जी जी' म्हणणारे.

आम्ही कलगीवाले. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला, आणि दोन्ही फड समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना कोडी घालतात. त्या वर्षी आमच्या गावच्या उरसाला घाटाकडचे तुरेवाले येणार होते आणि पैज डफाची ठरली होती. जो शाहीर हरेल त्यानं स्वतःच्या हातानं आपला डफ समोरच्याला द्यायचा. तो जिंकून परत आणेपर्यंत दुसऱ्या कुठल्या डफाला शिवायचं नाही. मामांचा डफ त्यांच्या गुरूच्या हातचा होता.

गावाला घोर होता तो डफाचा. मला दुसराच घोर होता आणि तो मी कोणाला बोललो नव्हतो.

माझ्या जुन्या तुणतुण्याच्या खुंटीवर मी सुरीनं एक रेघ मारून ठेवली होती. ती रेघ काठीवरच्या खाचेसमोर आली की मामांचा सूर लागला, असा आमचा हिशेब. पहिली काही वर्षं ती रेघ जागची हलली नाही. मग एका हंगामात मामा म्हणाले, "जरा उतरव." पुढल्या हंगामात परत, "जरा उतरव." त्या वर्षी उतरवता उतरवता रेघ पार मागल्या अंगाला गेली होती. सूर लावताना मला ती दिसतसुद्धा नव्हती.

गावातली माणसं मात्र खुश होती. म्हणायची, शाहिरांचा आवाज काय मुरलाय, जुन्या लोणच्यासारखा. मामीच्या तेराव्यालासुद्धा ज्या माणसाची विडी विझली नव्हती त्यानं त्या थंडीत कोणी न सांगता विडी टाकली. मामा भाकरी दुधात कुस्करून खायला लागले, मग तीही अर्धी टाकून उठायला लागले. आई म्हणाली, "दादा, एकदा पुण्याला दाखवून या." मामा म्हणाले, "उरूस हू दे." आणि ज्येष्ठमधाची काडी गालात धरली.

अशात उन्हानं माझं तुणतुणं तडकलं. भांड्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मेणानं बुजवून बघितली, पण वाजवलं की आतून कोणीतरी दात खाल्ल्यासारखं व्हायचं. नवं घेणं आलं.

मी आणि मामा चालत पौडाला गेलो. सगळ्या रानात तेव्हा भाताचं बी पेरायच्या जागी पालापाचोळा जाळून राब भाजायचं काम चाललं होतं. जिकडं बघावं तिकडं जमिनीवर काळे चौकोन आणि त्यातून उठणारा धूर. मामा तोंडावर उपरण्याचा पदर धरून चालत होते. एरवी वाटेनं माझी टवाळी करत चालणारा माणूस, त्या दिवशी पौड येईस्तोवर एक शब्द बोलला नाही.

पौडात बाजाराच्या मागल्या अंगाला एक चाचा होते. ढोलकी, हलगी, डफ, जे वाजतं ते सगळं मढवून द्यायचे. त्यांच्या पडवीत नेहमी ओल्या कातड्याचा आणि डिंकाचा वास असायचा. आम्हाला बघून ते जागेवरूनच म्हणाले, "या शाहीर, बसा. आन पैलवान, तू दारातच ऱ्हा. मागल्या खेपंला नुसतं बघाया म्हून हातात घेतलंस आन तार तोडलीस."

"तार कच्ची हुती, चाचा."

"तार पोलादी हुती. तुझा हात हाय का कुऱ्हाड?"

मामा हसले. हसताना घशातून शिटीसारखं काहीतरी वाजलं. चाचांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि परत खाली घातली.

चाचांनी पहिलं तुणतुणं काढलं ते आंब्याच्या लाकडाचं, लाल रंग दिलेलं, दिसायला नवरीसारखं. हातात घेतलं तेव्हाच कळलं की हे माझं नाही. पातळ भांडं, पातळ तार. ज्याचा हात हलका त्यानं असलं घ्यावं. त्याला ते गोड बोलतं. जड हाताच्या माणसानं छेडलं की ते ओरडतं आणि पुढच्या फटक्याला सूर सोडतं. मी तार छेडायच्या काडीनं एकदा मारलं आणि परत दिलं.

"हे भजनातल्या म्हाताऱ्यासनी द्या."

"म्हातारा तू बी व्हशीलच की," चाचा म्हणाले.

दुसरं शिसवाचं होतं. जाड भांडं, तोंड अरुंद, कातडं ताणून दगडासारखं झालेलं, तार जाड. खुंटी फिरवायला मनगट लागत होतं. मी काडी मारली तसं बाहेर बाजारातलं कुत्रं उठून उभं राहिलं. परत मारली, सूर तसूभर हलला नाही. मोकळ्या माळावर हजार माणसं बसलेली असोत, शेवटच्या माणसाच्या कानात जाऊन बसेल असा आवाज. माझ्या हाताचं माप घेऊन केल्यासारखं होतं.

"हे," मी म्हणालो.

मामा माझ्याकडं बघत नव्हते. ते वर आढ्याकडं बघत होते. तिथं फडक्यात गुंडाळून काहीतरी टांगलेलं होतं.

"त्ये काय हाय?"

"त्ये ऱ्हाऊ द्या, शाहीर."

"काढा तर."

चाचांनी ते नाइलाजानं काढलं. फणसाच्या लाकडाचं, रुंद तोंडाचं, हाताळून हाताळून पिवळंजर्द झालेलं तुणतुणं. धरणाच्या पलीकडच्या एका गोंधळ्याचं होतं. तो गेल्यावर त्याच्या पोरांनी ते आणून परत दिलं होतं. घरात ठेवायला बायका भीत होत्या.

"आदी त्येचा आवाज बसला," चाचा म्हणाले. "मग निस्ता वाजवायचा. शेवटाशेवटाला पानी बी..." एवढं बोलून ते थांबले आणि उगाच डिंकाचं भांडं ढवळायला लागले.

मामांनी ते मांडीवर घेतलं आणि बोटानं तार छेडली. शेजारच्या खोलीत कोणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसा आवाज आला. आणि मामांनी त्याच्यात सूर लावला. खुंटीला हात नाही, उतरव नाही, चढव नाही. तो मेलेल्या माणसाचा सूर आणि मामांचा सूर जिथल्या तिथं एक झाले.

"ह्येच घ्यायचं," मामा म्हणाले.

"मामा, वाजवनार मी."

"आन गानार?"

"माझ्या हाताला ह्ये टिकायचं न्हाई. कातडं पिकल्या पानावानी झालंय. दोन फटक्यात फाटंल."

"मग फटकं मारू नगंस. कर्णा येनार हाय अवंदा. भुकूमला बघितलंस न्हवं? तुझं टणाटणा वाजत हुतं आन शाहीर काय गातोय त्ये कुणाच्या बापाला कळलं न्हाई. कर्ण्याम्होरं बोटानं वाजीवलं तरी नदीपल्याड जातंय."

हे खरं होतं. भुकूमच्या जत्रेत महिन्यापूर्वी आम्ही पहिल्यांदा कर्ण्यावर, म्हणजे लाउडस्पीकरवर, गायलो होतो. मोकळ्यावरचा आवाज निराळा आणि कर्ण्यातला निराळा. मोकळ्यावर जे भरदार वाटतं ते कर्ण्यात पत्रा बडवल्यासारखं होतं, आणि मोकळ्यावर जे ऐकू येत नाही ते कर्ण्यात कानाशी येऊन बोलतं. वाद्य घेणाऱ्यानं हे दोन्ही बघून घ्यावं, हे मला तेव्हा समजत नव्हतं असं कोणी समजू नये. मला सगळं समजत होतं.

"आन कर्ना बंद पडला म्हंजी?" मी म्हणालो. "ब्याटरीच्या भरवशावर डफ लावायचा?"

"भाडनं करू नगा," चाचा म्हणाले. "लगीन न्हाई ठरवायचं, तुनतुनं घ्यायचंय."

मी शिसवाचंच घेतलं. मामांनी मला दोनदा बजावलं, मी दोनदा नाही म्हणालो. गावात लोक अजून म्हणतात की मी हाताच्या गर्वानं अडून बसलो. म्हणू देत. ते फणसाचं तुणतुणं मी घरी आणलं असतं तर मामांचा आवाज आता वर यायचा नाही, हे माझ्या तोंडानं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी ते करणार नव्हतो. मामांनी फडकं उचललं, ते तुणतुणं स्वतःच्या हातानं बाळासारखं गुंडाळलं आणि चाचांकडं दिलं.

परत येताना धूर जास्त झाला होता. नदीशी आल्यावर मामांना खोकल्याची ढास लागली. ते खाली बसले, चूळ भरली, आणि थुंकले ते पाणी तांबूस होतं.

"करवंदं खाल्ली मगाशी," ते म्हणाले.

करवंदं अजून हिरवी होती. तुणतुणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

गावाच्या वेशीशी आमच्या भावकीतले एक आजा बैल पाजून येत होते. मामांनी राम राम घातला तसे ते थांबले आणि म्हणाले, "वा शाहीर, निस्ता राम राम घातलासा तरी गानं वाटतंय. काय मुरलाय आवाज." मामा हसून पुढं गेले. मी मात्र त्या शब्दाशी अडकलो. आमच्याकडं लोणचं मुरतं, पाणी जमिनीत मुरतं. आणि एखाद्याचा ताप बरेच दिवस निघाला नाही की बायका म्हणतात, दुखणं अंगात मुरलं. इतकी वर्षं गाव तोच शब्द बोलत होतं आणि आम्ही तो मानपानासारखा घेत होतो.

मग तालमी सुरू झाल्या. शिसवाचं तुणतुणं खाली उतरवलं की तार सैल पडून फरफरायची. ते केलंच होतं चढ्या सुरासाठी. मामांनी तक्रार केली नाही. त्या सुराला पोचायला त्यांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या वर यायच्या. आवाज लागायचा, क्षणभर टिकायचा, आणि मध्येच तुटायचा. झिलकरी माझ्याकडं बघायचे, मी तारेकडं बघायचो. मनात म्हणायचो, अजून लागतोय, अजून जात नाही.

एकदा आई गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली, मामांना दिला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "त्येंच्या गळ्याला तार बांदलीयास व्हय रं?"

"सूर बांदलाय, आई."

"मग जरा हळू वढ."

उरसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं दोन्ही फड बसले. पुण्याहून आलेल्या पोरानं आंब्याच्या फांदीला कर्णा बांधला होता, आमच्यापुढं माईक ठेवला होता आणि खाली ब्याटऱ्या मांडून तो केस विंचरत होता. माणसं देवळाच्या पायऱ्यांपासून पार ओढ्यापर्यंत. समोरचा तुरेवाला शाहीर सडपातळ, पांढरं मुंडासं, बोलायला मवाळ. त्यानं मामांच्या पायाला हात लावला.

उठून उभं राहायच्या आधी मामांनी मागं वळून माझ्या हातातलं तुणतुणं घेतलं. खुंटी धरली आणि फिरवली. खाली, आणखी खाली, आणखी. मला वाटलं तार निघून येईल. मग ते माझ्या हातात परत दिलं. मी काडी मारली तर मरायला टेकलेल्या माशीसारखी फरफर. पुढं बसलेली माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "पैलवानाची तार निजली का काय."

मामा माझ्या कानाशी वाकले. "काडी टाक. अंगठ्यानं वाजीव."

मी काडी टाकली. अंगठ्याच्या मऊ भागानं तारेला नुसतं शिवलो, आजारी माणसाच्या कपाळाला शिवावं तसं. मला स्वतःला ऐकू आलं नाही. पण वर आंब्यातून तो आवाज खाली आला, भरून, गोल, फणसाच्या लाकडातून यावा तसा. पोरानं विंचरणं थांबवलं. मामांनी त्या सुरावर आवाज सोडला. ते गात होते की बोलत होते हे सांगता येत नव्हतं, पण ओढ्याकाठची माणसं उठून जवळ आली. मी आयुष्यात तेवढं हळू कधी वाजवलं नव्हतं.

समोरून सवाल येत होते आणि मामा एकेकाला उत्तर देत होते. शेवटचा सवाल तुरेवाल्यानं घातला तो साधाच: जिता होता तोवर मुका, मेल्यावर बोलाया लागला, असा कोण?

मामांनी डफावर थाप मारली, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. परत थाप, परत तोंड उघडलं. कर्ण्यातून नुसता श्वास येत होता, भात्यासारखा, अख्ख्या उरसावर. मी तार सोडली नाही. वाटलं, सूर चालू ठेवला तर ते धरतील. गळ्याची घाटी वरखाली होत होती.

मग मामांनी हात लांब केला आणि माझ्या हातातल्या तुणतुण्याच्या लाकडावर ठेवला.

निवाड्याला बसलेले पंच आपसात बोलायला लागले. एक म्हणाले, "कातडं म्हंत्यात."

"शेळी काय मुकी असती व्हय?" दुसरे म्हणाले. "लाकूड म्हंत्यात त्ये. झाड मुकं असतंय."

तुरेवाला शाहीर उभा राहिला. "लाकूडच हाय. बराबर हाय उत्तर. डफ त्येंचा त्येंच्याकडंच."

लोकांनी माना हलवल्या. आमच्या झिलकऱ्यांनी सुस्कारा सोडला. पण मामांनी मान आडवी हलवली. शाहिरानं उत्तर गाऊन द्यायचं असतं, हातानं नव्हे. त्यांनी गळ्यातला डफ काढला, कपाळाला लावला आणि चार पावलं चालत जाऊन त्या माणसाच्या हातात ठेवला.

"शाहीर, मी न्हाई घेत," तो म्हणाला.

मामांनी त्याची बोटं धरून डफाच्या कडेवर मिटवली. मी जागेवरून ओरडलो, "मामा, उत्तर बराबर हाय म्हंत्यात पंच." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बसलो. घरात हट्टी कोण, असं विचारलं की आई मला आणि मामांना एकत्रच मोजायची.

माणसं पांगल्यावर तुरेवाला शाहीर माझ्याजवळ आला. डफ त्यानं उपरण्यात गुंडाळला होता. हळूच म्हणाला, "माझं वडील असंच गेलं. आमी बी म्हंत हुतो, हंगाम सरू दे. तू वाट बगू नगंस."

त्या रात्री मामांनी पेजसुद्धा घेतली नाही. खुणेनं आईला सांगितलं की पुण्याला जायचं नाही. आई माझ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं तसे मी बैल जुपले. गाडीत पेंढा टाकला, वर घोंगडी अंथरली, उशाला आईचं लुगडं घडी करून ठेवलं. मामा ओट्यावर बसून हातानं 'नको, नको' करत होते. मी विचारलं नाही, समजावलं नाही. त्यांना दोन्ही हातांवर उचललं, अंगात वजन कसलं ते राहिलं नव्हतं, आणि गाडीत ठेवलं. मग पिरंगुटच्या फाट्यावर पुण्याची पहिली एस.टी. गाठायला बैल हाकले.